ताडपत्री की बंद बॉडी?



सोलापूर जिल्ह्यातील एका वाचकबंधूंचे पत्र गेल्या महिन्यात या सदराकडे आले. दोन पिढ्यांचे भुसार मालाचे दुकान आहे. चिरंजीवांनी तीन वर्षांपूर्वी बिस्किटे, साबण, चहा अशा पुड्यांतील मालाची एजन्सी घेतली व ती चांगली चालवली. आता जुनी पिकअप काढून नवी घ्यावयाची आहे. कर्ज मंजूर झाले आहे. गाडी कोणती, यावर घरात एकमत आहे. अडले आहे ते हौद्यावर काय घालावयाचे यावर. वडील म्हणतात, चाळीस वर्षे ताडपत्रीखाली माल नेला, एक कट्टा कधी वाया गेला नाही. पत्र्याच्या पेटीवर पैसे कशाला घालवावयाचे? मुलगा म्हणतो, पावसाळ्यात खोकी भिजतात, कंपनी ती परत घेत नाही, आणि गल्लीत गाडी उभी करून दुकानात गेले की मागे काय होते हे कोणी पाहावे? बंद बॉडीच हवी. पत्राच्या शेवटी वडिलांनी लिहिले आहे, "जेवताना आता हा विषय कोणी काढत नाही." हे वाक्य वाचून पत्र बाजूला ठेवता आले नाही.

दोघांचेही म्हणणे खरे आहे, कारण दोघे दोन निरनिराळ्या व्यापारांसाठी गाडी मागत आहेत. ताडपत्री स्वस्त व बंद बॉडी महाग, किंवा ताडपत्री जुनी व बंद बॉडी नवी, अशा तुलनेतून काही निष्पन्न होत नाही. आधी विचारावयाचा प्रश्न फार साधा आहे. गाडीचा हौदा दिवसातून किती वेळा उघडतो?

भुसार मालाची गाडी सकाळी बाजार समितीत भरते. ताडपत्री एकदा आवळली जाते आणि मुक्कामाच्या गोदामात एकदा सोडली जाते. या दोन गाठींच्या दरम्यान पाऊस आला तर चांगली ताडपत्री माल कोरडा ठेवतेच. एजन्सीची गाडी मात्र एका फेरीत वीस-तीस दुकानांपुढे थांबते. प्रत्येक ठिकाणी दोर सोडावयाचा, ताडपत्री मागे सारावयाची, चार खोकी काढावयाची आणि पुन्हा बांधावयाचे. पहिल्या दोन दुकानांपुढे चालक हे नीट करतो. तिसऱ्यापासून दोनच गाठी मारतो. सहाव्या-सातव्या दुकानानंतर ताडपत्री नुसती दुमडून टाकलेली असते, आणि दोन गल्ल्यांच्या मध्ये सर गाठते. येथे दोष ताडपत्रीचा नाही. चालकाचाही फारसा नाही. दिवसातून तीस वेळा तीच गाठ तितक्याच काळजीने मारावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. दाराची कडी मात्र तीस वेळा लावली जाते, कारण तिला दोन क्षण लागतात.

म्हणून अंतरापेक्षा उघडझाप मोजावी, असे माझे मत आहे. तीनशे किलोमीटर एका दमात जाणाऱ्या गाडीला ताडपत्री पुरते. गावातल्या गावात पंधरा किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला ती पुरत नाही.

आता वजनाकडे येऊ, कारण गाडी विकणारा व बॉडी बांधणारा हे दोघेही या विषयावर फारसे बोलत नाहीत. नोंदणी प्रमाणपत्रात दोन वजने लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे कमाल. या दोहोंतील फरक म्हणजे आपण ज्याला बोलीत पासिंग म्हणतो ते. कमाल वजन कारखान्याने ठरविलेले असते. पेटी बांधली म्हणून ते वाढत नाही. वाढते ते रिकाम्या गाडीचे वजन. अर्थात पेटीचा प्रत्येक किलो आपल्या मालातून वजा होतो. समजा, उघड्या हौद्याच्या गाडीत १,५०० किलो माल बसतो आणि पेटीमुळे २५० किलो वजन वाढले. उरले १,२५०. वर्षाला पूर्ण भाराच्या २०० खेपा होत असतील तर उघडी गाडी ३,००,००० किलो माल नेते. तोच माल बंद गाडीतून न्यावयाचा तर २४० खेपा लागतील. डिझेल, चालकाचा दिवस, टायरची झीज असा या ४० जादा खेपांचा खर्च वहीत मांडला की वडिलांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार मिळतो.

परंतु हाच हिशेब मुलाच्या मालाला लावला तर उत्तर उलटते. तूर, हरभरा, साखर हा माल वजन खातो. हौदा अर्धा भरला तोच पासिंग संपते. बिस्किटे, कुरमुरे, प्लास्टिकची भांडी, तयार कपडे हा माल जागा खातो. पेटी छतापर्यंत भरली तरी काटा कमाल वजनापासून दूरच असतो. अशा मालाच्या दृष्टीने पेटीचे २५० किलो जणू नाहीतच. आपला माल वजन खातो की जागा खातो, हे काट्यावरच्या चार पावत्या पाहिल्या तरी कळेल.

पासिंगपेक्षा थोडे जास्त भरले तर काय बिघडते, असे विचारणारे व्यापारी मी नोकरीत असताना पुष्कळ भेटत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा. माल हौद्याच्या बाजूंबाहेर किंवा परवानगीपेक्षा उंच गेला तरी २०,००० आहेतच. उघड्या हौद्याचा मोह येथेच असतो. वर आकाश मोकळे असल्याने आणखी दहा कट्टे सहज चढतात. पेटीचे छत निदान उंचीचा मोह आवरते; वजनाचा आवरत नाही.

पाण्याविषयी एक समज सर्वत्र आढळतो की बंद बॉडीत माल कोरडा राहतो. बाहेरच्या पावसापासून राहतो, हे खरे. आतल्या पावसाचे काय? धान्यात, मिरचीत, गुळात स्वतःचा ओलावा असतो. दिवसभर तापलेल्या पेटीत तो हवेत सुटतो. रात्री घाटात किंवा पहाटे पत्रा गार पडला की हीच वाफ छताच्या आतील बाजूस थेंबांच्या रूपाने जमते आणि वरच्या थरावर टपकते. समुद्रमार्गे कंटेनरमधून माल पाठविणाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचित असतो. आमच्याकडे मात्र वरच्या चार पोत्यांना बुरशी आली की दोष गोदामाला दिला जातो. पेटीला समोर वर आणि मागे अशी वाऱ्याची झडप असावी, छताला आतून प्लायवूड असावे, तळाला लाकडी फळ्या असाव्यात. कांद्यासारख्या श्वास घेणाऱ्या मालाला घट्ट बंद पेटी नकोच. उन्हाळ्यात उभ्या पेटीत गुळाच्या ढेपा काय रूप घेतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको.

ताडपत्रीच्या बाजूने बोलावयाचे तर तीही ताडपत्री असली पाहिजे. बाजारात मिळणारा पातळ निळा कागद दोन महिन्यांत घडीवर चिरतो. विणलेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीसाठी भारतीय मानक ७९०३ आहे. घेताना त्याची खूण पाहावी, एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम हे विचारावे, आणि दुकानातच ती उन्हाकडे धरून सुईएवढी भोके दिसतात का ते पाहावे. तिच्याखाली लोखंडी कमानी असाव्यात. कमानी नसल्या तर कट्ट्यांच्या मधल्या खळग्यांत पाणी साचते, वजनाने ताडपत्री ताणते आणि शिवणीतून थेंब उतरतो. दोन तुकडे वापरावयाचे झाल्यास पुढचा तुकडा मागच्यावर यावा. उलट केले तर वारा मधून शिरतो आणि सारे शीड होते. दोराचेही शास्त्र आहे. सुती किंवा तागाचा दोर भिजला की आक्रसतो, नायलॉनचा भिजला की सैल पडतो. पावसात नायलॉनने बांधलेली गाडी वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबवून पुन्हा आवळलीच पाहिजे. अनुभवी चालक चहाच्या निमित्ताने हे करतात. नवख्याला सांगावे लागते.

हमालांचा विचार या वादात कोणी केलेला दिसत नाही. उघड्या हौद्याचे तिन्ही फाळके खाली पडतात आणि पाठीवर ५० किलोचा कट्टा घेतलेला माणूस तीन बाजूंनी माल लावू शकतो. पेटीत शिरावयाचे ते मागच्या दारातून, तेही वाकून. पाठीवर ओझे आणि डोक्यावर पत्रा. पेटीची आतली उंची उभ्या माणसाहून कमी असली तर हे काम कमरेचे आहे, आणि हमालीचा दर वाढवून मागितला गेला तर ते रास्तच म्हणावे लागेल. खोक्यांचा माल हातोहात आत सरकतो; पोत्यांचा सरकत नाही. पेटीच करावयाची असेल तर मागील दारांबरोबर डाव्या बाजूस एक दार जरूर ठेवावे. त्यामुळे शेवटी द्यावयाचा माल पुढे आणि आधी द्यावयाचा मागे, ही कसरत निम्मी कमी होते, आणि माल उतरविणारा रहदारीच्या बाजूस उभा राहत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. नोंदणी प्रमाणपत्रात बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. उघड्या हौद्याची म्हणून नोंदलेली गाडी नंतर परस्पर गॅरेजमध्ये बंद करून आणणे, हा कलम ५२ खाली येणारा बदल आहे. त्यासाठी परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते, बदल केल्यावर चौदा दिवसांत तो कळवावा लागतो, आणि गाडी बँकेकडे तारण असेल तर बँकेची लेखी संमतीही लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बंद बॉडी हवी असेल तर ती गाडी घेतानाच घ्यावी, बॉडी बांधणाऱ्याचे दरपत्रक कर्जाच्या अर्जासोबत जोडावे आणि पहिल्या नोंदणीतच तो प्रकार लिहून घ्यावा. नंतर बॉडीसाठी वेगळे पैसे उभे करणाऱ्यांना ते बहुधा दुकानाच्या खेळत्या भांडवलातून काढावे लागतात. दहा वर्षे टिकणाऱ्या वस्तूसाठी रोजच्या फिरतीचा पैसा अडकविण्याइतका महाग व्यवहार दुसरा नाही.

कराचा भाग थोडक्यात सांगतो. बॉडीची किंमत गाडीच्या किमतीत मिळते व तिच्यावर घसारा मिळतो. ताडपत्री व दोर चालू खर्चात जातात. मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळते, पण करमुक्त मालाच्या विक्रीच्या प्रमाणात ते सोडावे लागते. सुटे धान्य आणि एजन्सीचा करपात्र माल एकाच गाडीतून व एकाच नोंदणीखाली जात असेल तर सल्लागाराकडून ते प्रमाण आधी काढून घ्यावे.

विम्याविषयी गैरसमज अधिक आहेत. गाडीचा विमा गाडीचा असतो, तिच्यातल्या मालाचा नसतो. मालासाठी मार्गस्थ विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यातील मर्यादित प्रकारात आग, वीज, पूल कोसळणे, टक्कर, गाडी उलटणे अशा जोखमी येतात. पावसाने भिजलेला माल त्यात येत नाही. तो हवा असेल तर सर्व जोखमींचा व्यापक प्रकार घ्यावा लागतो, आणि तेथेही अपुऱ्या वेष्टनाचे कारण पुढे येऊ शकते. बॉडी बांधून घेतली असेल तर तिची किंमत गाडीच्या विम्यात नोंदवली आहे की नाही, हे पॉलिसीवर बोट ठेवून पाहावे. नसेल तर अपघातानंतर नुकसान केवळ मूळ गाडीचे मोजले जाईल.

याच विषयाचे दुसरे पत्र पुण्याहून आले आहे, पण गाडी वेगळी आहे. हे वाचक निरनिराळ्या शहरांतील प्रदर्शनांत साड्यांचा माल मांडतात. त्यांच्याकडे दोन रांगांच्या आसनांची पिकअप आहे, इसुझुची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स या वर्गातली. व्ही-क्रॉस भारतात २०१६ पासून आणि हायलक्स २०२२ पासून दिसू लागली. त्यांचा प्रश्न असा की मागच्या छोट्या हौद्यावर सपाट कठीण झाकण बसवावे की काचा असलेला उंच टप?

अमेरिकेत हा प्रश्न घरोघरी पडतो, कारण तेथे पिकअप हीच पुष्कळांची घरची गाडी असते. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून तेथे सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. साहजिकच तेथे झाकण आणि टप यांचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. अवजारे नेणारा सपाट झाकण घेतो. रानावनात मुक्काम करणारा टप घेतो आणि त्याखालीच निजतो. आपल्याला त्यातून फक्त कसोटी उचलावयाची आहे. या गाड्यांच्या हौद्याची खोली जेमतेम अर्धा मीटर असते. साड्यांचे गठ्ठे त्या उंचीत मावत असतील तर सपाट झाकण उत्तम. बाहेरून काही दिसत नाही, कुलूप लागते, वजन कमी भरते, आणि चालकाला आतल्या आरशातून मागचा रस्ता दिसत राहतो. एकसंध वर उचलणारे, घडीचे आणि शटरसारखे गुंडाळणारे असे तीन प्रकार मिळतात. गुंडाळणारे झाकण सोयीचे वाटते, पण त्याची गुंडाळी हौद्यातच केबिनच्या मागे बसते आणि एका ओळीची जागा घेते. झाकणावर वरून ओझे ठेवावयाचे नसते, हे गाडीवर चढून फुलांच्या माळा बांधणाऱ्यांना सांगून ठेवावे.

प्रदर्शनाच्या मांडणीचे लोखंडी स्टँड, पुतळे, आरसे हेही सोबत न्यावयाचे असतील तर झाकणाखाली ते बसणार नाहीत. टपच घ्यावा लागेल. त्याचे वजन शंभर किलोच्या आतबाहेर धरावे. टपाच्या काचांतून माल दिसतो, म्हणून त्या गडद असाव्यात किंवा आतून जाळी असावी. केबिनच्या मागे उंचावर असलेला ब्रेकचा दिवा टपाआड जातो. तो टपाच्या मागील कडेवर पुन्हा बसवून घ्यावा, नाहीतर मागच्या वाहनाला तिसरा इशारा मिळत नाही. झाकण असो वा टप, धुळीचा शिरकाव फाळक्याच्या फटीतून होतो, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन धूळ आत ओढली जाते. फाळक्याच्या चारही कडांना रबरी पट्टी लावल्याशिवाय पांढरी साडी या गाडीतून नेऊ नये. पुण्याच्या वाचकांनी सांगितले आहे की स्टँड प्रदर्शनवालेच पुरवितात. तसे असेल तर झाकण घ्यावे. माझ्या मनात शंका नाही.

आता जे लिहितो ते दोन्ही पत्रांत विचारलेले नाही. बंद बॉडी किंवा टप झाला की त्या जागेला खोलीचे रूप येते, आणि खोलीत माणसे बसविण्याची बुद्धी होते. लग्नकार्याला निघताना पाच-सहा पोरे मागे बसतात. परतीच्या रिकाम्या पेटीत हमाल दार ओढून झोपतात. उघड्या हौद्यात बसणेही धोक्याचे व नियमबाह्य आहे. पण बंद पेटीत आतून दार उघडत नाही, चालकाला हाक ऐकू जात नाही, आणि धुळीबरोबर धूरही त्याच मागच्या फटीतून आत ओढला जाऊ शकतो. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना कायद्याने संरक्षण आहे. पगारी कामगाराची तरतूद वेगळी असते आणि ती किती जणांसाठी आहे हे पॉलिसीत लिहिलेले असते. पाहुण्याच्या मुलाची तरतूद कोठेच नाही. पेटीच्या दाराला आतूनही उघडणारी कडी बसवून घ्यावी, तिला फार खर्च येत नाही. आणि तरीही आत कोणाला बसवू नये.

सोलापूरच्या घराकडे वळतो. गाडी एकच आहे आणि व्यापार दोन आहेत. भुसार माल पोत्यांत असतो, एका दमात जातो, आणि त्यासाठी बाजार समितीच्या आवारात भाड्याचा टेम्पो हव्या त्या दिवशी मिळतो. एजन्सीची फेरी रोजची आहे. तिला आपलीच गाडी व आपलाच माणूस लागतो, कारण तोच वसुलीही आणतो. भाड्याने भागविता येते त्या कामासाठी गाडी विकत घेऊ नये; जे भाड्यावर सोपविता येत नाही त्यासाठी घ्यावी. या न्यायाने माझा कौल मुलाच्या बाजूने, म्हणजे बंद बॉडीच्या बाजूने पडतो. पण एका अटीवर. एजन्सीच्या करारात किती दिवसांच्या सूचनेने कंपनी तो रद्द करू शकते, ते कलम बापलेकांनी एकत्र बसून वाचावे. करार तीस दिवसांत संपू शकत असेल आणि कर्जाचे हप्ते पाच वर्षांचे असतील, तर पेटीत पैसे घालण्याआधी दुसऱ्या एखाद्या कंपनीचा माल हाताशी असला पाहिजे. तो नसल्यास कारखान्याचा उघडा हौदाच घ्यावा आणि त्यावर पक्क्या कमानी व मागच्या बाजूस पट्ट्यांनी उघडणारा ताडपत्रीचा पडदा करावा, म्हणजे सारा दोर न सोडता खोकी काढता येतील. कुलूप त्याला लागणार नाही. गल्लीत गाडीजवळ एक माणूस ठेवावा लागेल आणि त्याचा पगार हिशेबात धरावा लागेल. कमानी व पडदाही नोंदणीपूर्वीच दाखवून घ्यावा.

वडिलांच्या जुन्या ताडपत्रीचाही उपयोग आहे. भाड्याच्या टेम्पोवर बहुधा चांगली ताडपत्री नसते. आपली घडी करून दुकानात ठेवावी आणि माल भरतेवेळी स्वतः उभे राहून बांधून घ्यावी. हे काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करणार नाही.

बॉडीची मागणी नोंदविण्यापूर्वी एक मोजमाप अवश्य घ्यावे. जुन्या पेठांतील गोदामांची दारे बैलगाडीच्या काळची आहेत. शटरची उंची, गल्लीवर ओढलेल्या विजेच्या तारा, समोरच्या घराचा सज्जा यांची मापे कागदावर घेऊन बॉडी बांधणाऱ्याला द्यावीत, आणि मापे घ्यावयाची ती गाडी रिकामी असताना. भरलेली गाडी पाट्यांवर दबते व आत सहज शिरते. माल उतरला की ती वर उचलली जाते आणि बाहेर पडताना छत चौकटीला अडकते.